पिंपळे गुरवातलं मशीन

खरवंडीकर चांगल्याभल्या माणसाला मशीन व्हायला सांगायचे.

म्हणजे असं, की संध्याकाळी आपण कामावरून येऊन, हातपाय धुऊन ओट्यावर टेकलोय, चहाची बशी अजून हातात आहे, तेवढ्यात हे मागच्या खोलीतून यायचे. अंगात बनियन, कानावर पेन्सिल, हातात कागदांची चळत. उंबऱ्याशी उभे राहायचे आणि देवळात बोलावं तशा आवाजात म्हणायचे, "बाबूराव, मशीन व्हा." आणि मी, ज्याने फोरमनचंसुद्धा कधी एका हाकेत ऐकलं नाही, तो उठून पाच डब्यांपुढे मांडी घालून मशीन व्हायचो.

हसा. आमची सगळी आळी हसून झाली आहे, तुमचं काय घेऊन बसलात.

मी चौथी शिकलेला माणूस. मी स्वतःला अडाणी म्हणतो, दुसऱ्याने म्हटलेलं खपवून घेत नाही. बासष्ट साली पिंपरीत कारखान्यात लागलो तेव्हा कंपाउंडच्या पलीकडे ज्वारी उभी होती. तेव्हापासून लोखंड कातायच्या लेथवर. माझ्या हातचा जॉब, म्हणजे कातून दिलेला भाग, इन्स्पेक्शनमधून परत आला असं सांगणारा अजून जन्मायचाय. खरवंडीकर त्याच कारखान्यात, टाइम ऑफिसला. भोंगा झाल्यावर कोण किती मिनिटं उशिरा आला, ते खिडकीमागे बसून लिहिणारे. असल्या माणसाला कारखान्यात मित्र नसतो. त्यांनाही नव्हता. गाव नगरकडचं, वय अठ्ठेचाळीस, आणि आमच्या घरामागच्या खोलीत सात वर्षं एकटेच राहत होते. त्या सात वर्षांतली पहिली सहा वर्षं आमचं बोलणं एवढंच : "आज पाणी उशिरा आलं." "व्हय, उशिरा आलं."

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट असेल. त्याच्यासाठी निराळी खोली बांधली. काचेचं दार, आत थंड हवा, आणि बाहेर चपला काढायच्या. मी पहिल्यांदा ती चपलांची रांग बघून शेजारच्याला विचारलं, "कुठला देव बसवलाय रं?" तर त्या देवाने पहिला घास घेतला तो टाइम ऑफिसचाच. हजेरी आता तो ठेवणार होता. तिथल्या चार कारकुनांना सांगण्यात आलं, तीन महिन्यांनी परीक्षा आहे. पास होईल तो कॉम्प्युटरच्या खोलीत. नापास होईल त्याची बदली, कंपनीच्या नागपूरच्या डेपोत. अभ्यासाला चाळीस पानांच्या सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स दिल्या. एकेक गोष्ट समजावलेली आणि खाली सरावाची लहान लहान उदाहरणं. त्या भाषेचं नाव सी.

"सी?" मी विचारलं. "मंग ए आन् बी कुठं गेल्या?"

"बी होऊन गेली म्हणतात. ए बद्दल नोट्समध्ये काही दिलेलं नाही."

"बघा. थोरलीचा पत्ता न्हाई आन् धाकटी तुमच्या गळ्यात."

ते हसले नाहीत. म्हणाले, "बाबूराव, मला नागपूरला जायचं नाही."

"का वो? ऊन लई असतं म्हनून?"

"ऊन तर आहेच," ते म्हणाले. पुढे काही तरी होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

अडचण अशी, की परीक्षेच्या दिवसापर्यंत त्या देवाला हात लावायला कुणाला परवानगी नव्हती. पोहायला शिका, पण पाण्यात उतरायचं ते बक्षीस-समारंभाच्या दिवशी, असला प्रकार. बाकीच्या तिघांनी नोट्स पाठ करायला घेतल्या. खरवंडीकरांनी आमच्या घरी मशीन बांधलं.

आमच्या पारूकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, त्यांनी पाच रिकामे डबे मागून घेतले. त्यांवर खडूने नावं लिहिली. एकावर "एकूण", एकावर "मोजणी", असं. आकडे म्हणजे चिंचोके. कागदावर ते त्या भाषेत इंग्रजीत लिहायचे आणि शेजारी माझ्यासाठी मराठीत. मी ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायचं आणि लिहिलंय तेवढंच करायचं. "मोजणीत एक टाका." टाकला. "मोजणीत आहेत तेवढे एकूणमध्ये टाका." टाकले. शेवटी लिहिलेलं असायचं, "एकूण सांगा." मग मी डबा पालथा करून मोजायचो आणि सांगायचो. उत्तर बरोबर आलं की खरवंडीकर लहान पोरासारखे स्वतःच्याच मांडीवर थाप मारायचे.

पहिलं भांडण "तिघांत मोठं कोण" या उदाहरणावरून झालं. तीन डब्यांत चिंचोके. मी म्हटलं, "ह्यो मधला मोठा."

"असं नाही. आधी पहिला आणि दुसरा बघा. त्यातला मोठा घ्या. मग तो आणि तिसरा."

"दिसतंय की हितनं! मशीनला डोळं न्हाईत का?"

"नसतात. एका वेळी दोनच गोष्टी ताडून बघता येतात त्याला. मशीन मूर्ख असतं, बाबूराव."

मी चिंचोके खाली ठेवले. एक तर त्या वेळी मशीन मी होतो. आणि दुसरं म्हणजे, मी वीस वर्षं मशीनवर पोट भरलेलं. मशीन मूर्ख नसतं, चालवणारा असतो. मी उठून गेलो ते चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी ते दारात आले. "माझा शब्द चुकला," म्हणाले. "मशीन मूर्ख नसतं. आज्ञाधारक असतं."

"आज्ञाधारक तर मी बापाचा बी नव्हतो."

"म्हणूनच हळूहळू व्हा," ते म्हणाले. आणि मी पुन्हा डब्यांपुढे मांडी घालून मशीन झालो.

पण सूड उगवला. एकदा त्यांनी लिहून दिलं : जोपर्यंत मोजणी दहापेक्षा कमी आहे, तोपर्यंत एकूणमध्ये एक चिंचोका टाकत राहा. एवढं देऊन ते नदीकडे फिरायला गेले. मी टाकायला लागलो. मोजणीच्या डब्यात एकच चिंचोका, तो वाढवा असं कुठं लिहिलेलंच नाही. म्हणजे मोजणी काही दहा होणार नव्हती. मला ते कळलं. पण मी म्हटलं, आज्ञाधारक पाहिजे ना, घ्या. चिंचोके संपले. पारूला शेजारून मागून आणायला लावले. ते संपले तेव्हा हरभरे घेतले. तासाभराने खरवंडीकर आले तर मी घामाघूम, डबा भरून वाहतोय, आणि आळीतल्या बायका गोल करून बघतायत.

"अहो, थांबायचं की!"

"लिवलंय का थांबा म्हनून?"

त्यांनी कागद बघितला, डबा बघितला आणि मटकन बसले. मग म्हणाले, "बाबूराव, आज मला ते पान कळलं." आणि हरभरे-चिंचोके निवडत बसले, एकेक करून.

दोन डब्यांतले आकडे एकमेकांत बदलायचं उदाहरण आलं तेव्हा तर आम्ही दोघे दोन दिवस अडलो. याच्यातलं त्याच्यात ओतलं की दोन्ही एक होतात. वेगळे कसे काढणार? पारू भाकऱ्या थापत होती. तिथून ओरडली, "तिसरं भांडं घ्या की मुडद्यांनो! ताक आन् दूध कधी बदललं न्हाई का?" खरवंडीकरांनी त्या उदाहरणाखाली सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं : उत्तर सौ. पार्वतीबाई यांचे.

हळूहळू ते बोलूही त्या भाषेत लागले. "जर आमटी तिखट असेल तर ताक, नाहीतर पाणी." "जोपर्यंत वीज येत नाही तोपर्यंत कंदील." पारूने एकदा धीर करून विचारलं, "लग्नाचं कसं काय राह्यलं तुमच्या?" तर म्हणाले, "जर योग असता तर झालं असतं." एरवी ते प्रत्येक जर-तरला नाहीतर जोडायचे. इथे जोडलं नाही. पारूने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. रोजच्या मशीनमुळे जेवण आमच्याकडेच व्हायला लागलं होतं.

आता जे सांगायचं ते मला नीट सांगायला पाहिजे.

कारखान्यात आमची एक रीत होती. शिफ्ट संपली की आपलं मशीन झाडून, पुसून पुढच्याच्या ताब्यात द्यायचं. लोखंडाचा कीस, तेल, एक कण मागे ठेवायचा नाही. हे कुणी कागदावर लिहिलेलं नव्हतं. पण जो पुसत नाही तो कामगार नव्हे, असं आम्ही मानायचो, आणि मी जरा जास्तच मानायचो. तर एक उदाहरण संपलं की मी सगळे डबे पालथे करायचो, आतून फडकं फिरवायचो, उजेडाकडे धरून बघायचो आणि ओळीत मांडून ठेवायचो. पुढचं उदाहरण कोऱ्या डब्यांवर.

अकराव्या पानावर एक ओळ होती. बेरीज करायच्या आधी एकूणमध्ये शून्य टाका, अशी. खरवंडीकरांनी ती माझ्यापुढे ठेवली. मी बोट ठेवून वाचली आणि त्यांच्याकडे बघितलं.

"शून्य चिंचोके टाका? म्हंजे काय करू? मोकळा हात हालवून दावू?"

ते हसायला लागले. मी डब्यावर मोकळा हात नेऊन चिंचोके सोडल्यासारखं केलं. पारूसुद्धा हसली. मी म्हटलं, "डबा रिकामाच हाय की साहेब. रिकाम्यात आनखी काय रिकामं करायचं?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हा लिहिणाऱ्याचा फापटपसारा आहे." आणि त्यांनी पेन्सिलने ती ओळ खोडली. त्यानंतरच्या एकाही कागदावर ती आली नाही. आणि आमचं उत्तर एकदाही चुकलं नाही.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पारूने हातावर दही दिलं. मी त्या दिवशी पहिल्या पाळीला होतो. दोन-तीनदा माझं लक्ष लेथवरून काचेच्या दाराकडे गेलं, आणि एक जॉब थोडक्यात वाचला.

संध्याकाळी ते सायकल हातात धरून चालत आले. ओट्यावर बसले. बूट काढले नाहीत.

"काय इचारलं?"

"सात दिवसांच्या ओव्हरटाइमच्या तासांची बेरीज."

"हात्तिच्या! ती तर आपुन वीस येळा केली."

"हो. सोळा यायला पाहिजे होते."

"मंग? किती आलं?"

"अठ्ठावीस हजार सहाशे बारा."

मला राहवलं नाही. "एका आठवड्यात? लई कामाचा गडी हाय!" म्हणून मी हसलो. तेही थोडं हसले. मग टोपी काढावी तसा हात डोक्यावरून फिरवून म्हणाले, "मी तिथेच कागदावर पुन्हा केलं. सोळा. पुन्हा केलं. सोळा. मी परीक्षा घेणाऱ्या साहेबांना म्हटलं, तुमचं मशीन चुकतंय, आमच्या घरच्या मशीनवर सोळाच येतात. साहेब उठून उभा राहिला. तुमच्या घरी कॉम्प्युटर आहे? म्हटलं, आहे. पिंपळे गुरवला. सगळे हसले. मला आधी कळलंच नाही कशाला."

आत पारूच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"मंग त्यो साहेब काय बोलला? का आलं तसं?"

"म्हणाला, डबा रिकामा नव्हता. म्हणजे तो डबा म्हणाला नाही, पण तेच. आधी दुसऱ्या कुणाचं काम झालेलं असतं, त्याचा कचरा आत तसाच पडून असतो. त्याच्यावरच माझे सोळा जाऊन पडले. आपण आधी शून्य टाकलं की मगच तो जातो."

"म्हंजे?" माझा आवाज चढला. "आदल्या शिफ्टवाल्यानं पुसून दिलं न्हाई? असलं कसलं मशीन? मेमो द्या त्या भडव्याला! आपल्याकडं कुनी असं..."

आणि मी मध्येच थांबलो. माझ्याच तोंडून ते बाहेर आलं आणि माझ्याच कानात शिरलं.

डबे समोर फळीवर होते. सकाळीच पुसून ओळीत लावलेले. खरवंडीकर त्यांच्याकडे बघत नव्हते. मी बघत होतो.

त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. चूक माझी. दोनच शब्द. पण या तोंडाला त्या शब्दांची सवय नव्हती. माझा जॉब कधी परत आला नाही, ही एक गोष्ट मी वीस वर्षं मिरवली होती, आणि हा परत आलेला जॉब नागपूरला चालला होता. मी उठून नदीवर गेलो. आलो तेव्हा ते त्यांच्या खोलीत गेलेले. जेवायला आले नाहीत. पारू ताट झाकून बसलेली. मला म्हणाली, "तुमी सांगा त्यास्नी." मी म्हटलं, "काय सांगू?" तिने ते झाकलेलं ताट उचलून फळीवर, डब्यांशेजारी ठेवलं. 

पास झालेल्यांची नावं लागली. बदलीचा कागद आला. अकरा दिवस मी त्यांच्याशी पाण्याबद्दल बोललो. "आज पाणी लवकर आलं." "हो, लवकर आलं." अकरा दिवसांत एकदाही त्यांनी मशीन व्हा म्हटलं नाही. मी मात्र कामावरून आल्यावर ओट्यावर वाट बघत बसायचो, हे मी आज लिहितोय, तेव्हा कबूल केलं नसतं.

जायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मी मागच्या खोलीत गेलो. सात वर्षांत पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. एक ट्रंक, एक स्टोव्ह, एक पेला. एक म्हणजे सगळं एकच. ते खाली बसून वळकटी गुंडाळत होते.

मी दारातच उभा राहून म्हटलं, "साहेब, डबं मी पुसत व्हतो."

"हो," ते म्हणाले.

"दर टायमाला. तुमी कवा सांगितलं न्हाई. लिवलेलं न्हाई. तरी पुसत व्हतो."

"मला दिसायचं की, बाबूराव. मी समोरच बसलेला असायचो."

"मंग आडवायचं मला! हरभऱ्याच्या टायमाला वरडला, तवा का न्हाई? मशीन असं करत न्हाई, म्हनायचं."

त्यांनी वळकटीवरून हात फिरवून एक सुरकुती सरळ केली. मग दुसरी.  माझ्याकडे न बघता बोलले.

"तुम्ही डबा पालथा करायचात. आतून पुसायचात. मग दिव्याकडे धरून, एक डोळा मिटून आत बघायचात, की काही राहिलं तर नाही. माझ्या एवढ्याशा उदाहरणासाठी. मी पुढचं उदाहरण तयार असूनही लिहितोय असं दाखवायचो, तुमचं पुसून होईपर्यंत." ते थांबले. "मी मशीन कधी बघितलं नव्हतं ना, बाबूराव. मला वाटलं, ते तुमच्यासारखंच असणार."

मी त्यांच्या हातातल्या वळकटीकडे बघितलं. 

वळकटी फुगलेली होती. एकट्याने दोरी आवळली तर ती सुटते, दुसऱ्याने वर गुडघा रोवावा लागतो. मी आत जाऊन खाली बसलो आणि गुडघा रोवला. त्यांनी दोरी दोनदा फिरवून ओढली आणि गाठ मारली. मग ती सोडली. पुन्हा ओढली, पुन्हा मारली. गाठ पहिल्यांदाच घट्ट बसली होती. हाताचं काम मला कळतं. तिसऱ्यांदा त्यांनी ती सोडायला घेतली, तेव्हाही मी गुडघा तसाच ठेवला.